दोन वांगी

सोळा ऑगस्टला दुपारी चारपासून मी आमच्या गल्लीतल्या बायकांना युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, नेसवत होते. संध्याकाळी देवळाच्या पटांगणात नाच होता, दरवर्षी असतो तसा. तोचिगी गावात उझुमा नदीच्या काठाने काळ्या भिंतींची जुनी कोठारं आहेत, त्यांच्या मागे आमची गल्ली. चाळीस वर्षं गल्लीचे युकाते मी शिवते आणि नेसवतेही मीच.

शेजारच्या नोबूची नवी सून चिहारू घरूनच नेसून आली. फोनमध्ये बघून नेसली होती.

“किनुएकाकू, बघा, जमलं!”

मागून नोबू आली आणि तिने कपाळाला हात लावला. “जमलं कसलं! मढ्यासारखी नेसलीयेस. खांदेकरी बोलावू का चार?”

चिहारूने उजवी बाजू वर घेतली होती. वर डावी घ्यायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उजवी वर येते ती फक्त शवपेटीत निजवताना. मी तिला उभी केली आणि पट्टा सोडला. बाजू बदलायची तर सगळंच सोडावं लागतं: मागची गाठ, पट्टा, त्याखालच्या दोन दोऱ्या. मग पुन्हा पहिल्यापासून.

“हसू नका ना, आई,” चिहारू पुटपुटली.

“हसू नको तर काय रडू? तुझ्या नवऱ्याने बघितलं असतं तर तो रडला असता.”

मीही हसले, पण हात जरा थांबले. फेब्रुवारीत याच हातांनी मी तेइझोंना नेसवलं होतं, उजवी बाजू वर घेऊन. तेइझो माझे यजमान. छपरांवर कौलं घालायचे. शेवटची दाढीही मीच केली, तेव्हा हनुवटीखाली वस्तरा लागला. कापलं, पण रक्त आलं नाही. ती चीर तशीच उघडी राहिली. अंगात त्यांचा गल्लीचा युकाता होता, पांढऱ्यावर निळ्या लाटांचा. तो त्यांच्याबरोबर जळाला. या वर्षी गल्लीने नक्षी बदलून पाकोळ्यांची घेतली, आणि लाटांचे बाकीचे सगळे मीच फाडून त्यांची फडकी केली.

बायका गेल्या तेव्हा नोबू दारात रेंगाळली. “निरोपाच्या काड्या पेटवल्यास ना? तुझ्या दाराशी राख दिसली नाही.”

“झाडून टाकली,” मी म्हणाले.

मी काही पेटवलं नव्हतं. तेरा तारखेला, पितर घरी येतात त्या दिवशी, दारात तागाच्या काड्या पेटवून तेइझोंना घरी बोलावलं होतं. ते गेल्यानंतरचं पहिलंच वर्ष. देव्हाऱ्यापुढे काकडीचा घोडा ठेवला होता, येणारा लवकर यावा म्हणून. सोळाला संध्याकाळी, नाचाला निघण्याआधी, पुन्हा काड्या पेटवून निरोप द्यायचा आणि परतीसाठी दाराशी वांग्याची गाय ठेवायची. ती सावकाश चालते. जितके जाणारे तितक्या गाई, अशी आमच्या घरची रीत. गाई तेइझोच करायचे. मी घोड्याला काड्यापेटीतल्या काड्या खोचायची, ते गाईला देवदाराच्या ढलप्या तासून पाय लावायचे. त्यांच्या गाईचा डावा पुढचा पाय कायम आखूड. “माझ्यासारखीच झाली,” म्हणायचे. शिडीवरून पडल्यापासून त्यांचा डावा पाय घासत चालायचा.

या वर्षी टोपलीत दोन वांगी आणून ठेवली होती, एक गाईसाठी, एक जास्तीचं. ती तशीच पडून होती.

पन्नास वर्षं ते मला नाचायला ये म्हणत होते. मी मंडपात जवाचा थंड चहा ओतत असायची आणि म्हणायची, “पुढच्या वर्षी.” मला एकच संध्याकाळ हवी होती. निरोप मिळाला नाही तर ते थांबतील, आणि एकदा का होईना, मी त्यांच्याबरोबर फेर धरीन. काड्या काय, उद्या सकाळी पेटवता येतील.

निघताना मी स्वतः नेसले. डावी बाजू वर, पट्टा घट्ट, मागे माझी नेहमीची गाठ.

साडेसहाला कंदील लागले. पटांगणाच्या मधे लाकडी मचाण, त्यावर ढोल. तव्यावर शेवया परतणं चालू होतं आणि त्यांचा करपट वास देवळाच्या पायऱ्यांपर्यंत येत होता. कोणीतरी टबातली कलिंगडं कापत होतं. मचाणाभोवती फेर सुरू झाला: तीन पावलं पुढे, दोन मागे, टाळी, मग जागेवर एक गिरकी. सगळीकडे पाकोळ्याच पाकोळ्या.

मी चहा ओतत होते. शेजारी नोबू भाजलेलं कणीस खात होती.

“तो कोण गं?” ती म्हणाली. “जुन्या युकात्यातला? सगळे फाडलेस म्हणालीस ना?”

फेराच्या पलीकडच्या बाजूला, मचाणाच्या सावलीत, एक माणूस नाचत होता. डोक्यावर गवती टोपी, चेहरा झाकलेला. अंगावर निळ्या लाटा.

“असेल कोणीतरी खालच्या आळीतला,” मी म्हणाले.

“खालच्या आळीत कुठून आल्या आपल्या लाटा?”

तो वळून आमच्या बाजूला आला. शंभर खडावा एकदम पडत होत्या, आणि त्यांच्या मागून एक खडाव अर्ध्या ठोक्याने उशिरा येत होती. घासत.

माझ्या हातातली किटली नोबूने घेतली. “सांडतेयस बघ. बरं वाटत नाही का?”

“मी नाचते जरा,” मी म्हणाले.

“तू? आज सूर्य कुठून उगवला होता?”

मी फेरात शिरले. त्यांच्या मागची जागा मोकळीच होती. पुढची बाई त्यांच्यापासून दोन हात लांब नाचत होती. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिथे गारवा होता, पहाटेच्या ओल्या कौलांसारखा. मला पावलं येत होती. पन्नास वर्षं बघत आले होते.

“आले बघा,” मी हळूच म्हणाले. “पुढच्या वर्षी म्हणाले होते ना.”

त्यांनी मान वळवली नाही. तीन पुढे, दोन मागे. मला रडू येत होतं आणि फार बरंही वाटत होतं.

मग गिरकी आली. सगळे वळले. ते वळले ते माझ्याकडे तोंड करून थांबले.

टोपीखाली फक्त हनुवटी दिसत होती. हनुवटीखाली ती चीर होती. अजून उघडी, कोरडी.

त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या गळ्याशी युकाता सारखा केला. घराबाहेर पडताना नेहमी करायचे तसाच. बोटं गार होती.

ढोल थांबला. लोक टाळ्या वाजवत पांगले. माझ्यासमोर रिकामी जमीन होती.

नोबू चहाचा पेला घेऊन आली. “नाचलीस की गं बाई! एकटीच काय बडबडत...” तिचं वाक्य तिथेच राहिलं. ती माझ्या छातीकडे बघत होती.

“किनुए. तुझी उजवी बाजू वर आहे.”

मी मागे हात नेला. गाठ माझीच होती. पट्टा घट्ट, दोऱ्या जागच्या जागी. कुठेच काही सुटलेलं नव्हतं.

मंडपामागे नेऊन नोबूने माझं सगळं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

“काड्या पेटवल्या नाहीस ना तू?”

“नाही पेटवल्या,” मी म्हणाले.

“चल घरी. आत्ताच्या आत्ता.”

आठ वाजले असतील. टोपलीतलं एक वांगं घेऊन मी त्याला काड्यापेटीतल्या चार काड्या खोचल्या आणि गाय उंबऱ्याबाहेर ठेवली, तोंड रस्त्याकडे करून. मातीच्या थाळीत तागाच्या काड्या रचून पेटवल्या. हात जोडून मी म्हणाले, “या आता. सावकाश जा.”

धूर सरळ वर गेला. मग छपराच्या कडेपाशी वळला आणि दारातून घरात शिरला.

“वारा आहे,” नोबू म्हणाली.

नदीवरच्या विलोच्या झाडाचं एक पान हलत नव्हतं. काड्या विझेपर्यंत ती माझा हात धरून उभी होती.

सकाळी सहाला मी दार उघडलं. थाळीतली राख गार झाली होती. माझी गाय जागेवर होती, तोंड रस्त्याकडे.

तिच्या शेजारी दुसरी उभी होती. तिचे पाय देवदाराच्या ढलप्यांचे होते, नुकतेच तासलेले, आणि डावा पुढचा पाय आखूड होता.

आत येऊन पाहिलं. टोपली रिकामी होती.