न वाचलेली ओळ

ऐका ना, मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटेल.

मुरुडच्या एसटी स्टँडवर उतरले आणि हातातल्या गठ्ठ्याची सुतळी तुटली. 'वाळवण'चे सगळे अंक ओल्या फरशीवर. 'वाळवण' म्हणजे मी आणि रश्मी चालवतो ते द्वैमासिक, तुम्ही कुणी कधी विकत न घेतलेलं. मी खाली बसून अंक गोळा करतेय, तर समोर एक मुलगा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तोही गोळा करतोय. मग खिशातून नायलॉनचा दोरा काढला आणि अशी गाठ मारली की... मी गाठीकडेच बघत होते. शप्पथ.

"जाळ्याची गाठ हाय," तो म्हणाला. "सुटायची न्हाय."

नाव गणराज, बोटीवर जातो. आणि आमचा वर्गणीदार निघाला, अख्ख्या कोळीवाड्यातला एकटा! मी सांगून टाकलं, हा शेवटचा छापील अंक. छापखान्याला निदान तीनशे प्रती हव्यात, आमचे वर्गणीदार पावणेदोनशे. पुढे फक्त वेबसाइट. तिथे लोक येतात, फोटो बघतात आणि जातात.

त्यानं गठ्ठा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, उद्या जाळ्यांच्या शेडवर या, एक अंक किती जण वाचतात ते बघा.

गेले. जून महिना, मासेमारीला बंदी, होड्या वर ओढलेल्या. शेडमध्ये चाळीसेक माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली, प्रत्येकाचे दोन्ही हात गुंतलेले. आणि मधोमध गणराज, माझा सुकटीच्या बाजारावरचा लेख मोठ्यानं वाचतोय! त्याची बायजाआत्या एका वाक्याला खळखळून हसली आणि पुढच्या वाक्याला म्हणाली, हे पोरीनं चुकीचं लिवलंय. खरंच चुकलेलं होतं. पण माझं लिहिलेलं असं कान देऊन कुणी ऐकलंय कधी?

मग संपादकीय आलं. शेवटच्या छापील अंकाची ओळ आली... आणि त्यानं सरळ पान उलटलं.

बाहेर आल्यावर मी त्याला अडवलं. "ती ओळ गाळलीत तुम्ही."

"मला पटत न्हाय ते मी वाचत न्हाय."

पाऊस भुरभुरत होता, त्याच्या पापणीवर एक थेंब अडकलेला... आणि मी ठरवून टाकलं. अंकाचं गं, अंकाचं! छापणं थांबवायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून साइटवर टाकायला लागले. रोज एक लेख. शेडवाल्यांनी तो आपापल्या सोयऱ्यांना धाडला, आणि पार अलिबागपलीकडच्या थळपर्यंतच्या कोळीवाड्यांत जाळी विणताना स्पीकरवर 'वाळवण' लागलं. मग फोन सुरू झाले... आमच्यातही वाचणारा हाय, अंक धाडा. मी आणि रश्मी भिजत, एसटी बदलत गावोगाव फिरलो. गणराज सोबत यायचा, म्हणे पत्ता दाखवायला. समुद्राकाठचा एकच सरळ रस्ता, त्याला कसला पत्ता! काशीदच्या फाट्यावर मी तसं म्हटलं, तर मान खाली घालून म्हणाला, "मग चुकू या का जरा?" रश्मी लगेच दुसरीकडे बघायला लागली, शहाणी.

छापखान्यानं दिलेल्या मुदतीच्या आदल्या दिवशी नावं झाली तीनशे बारा. अंक छापला! जुलै संपताना, होड्या पाण्यात जायच्या आधी, मी त्याची प्रत घेऊन शेडवर गेले. फक्त त्या एका प्रतीत संपादकीयाखाली पेनानं एक ओळ लिहिली होती. आता तुम्हाला सांगते... 'वाळवणला वाचणारे मिळाले, मला तू हवा आहेस.'

तो वाचत आला. "...छापूही आणि ऐकवूही." मग थांबला. कान लालेलाल.

सगळ्यांच्या सुया थांबल्या. बायजाआत्यानं चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय रे गणा, पटत न्हाय का?"

"पटतंय," तो म्हणाला. अंक मिटून छातीशी धरला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "पर ही ओळ माझी एकट्याची हाय, आत्या."