आपण अजून घरात आहात

गेल्या वर्षी वर्तकनगरमधली आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. मी कमिटीवर होते, त्यामुळे कॉम्प्युटरचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. पाडकाम सोमवारी सुरू होणार होतं आणि त्याआधी सगळ्या सभासदांना शेवटचं पत्र जायचं होतं. मी मेल मर्ज लावलं. मजकूर एकच, नावं यादीतून, आणि मधल्या एका ओळीला अट. यादीत 'घर रिकामं' या रकान्यात 'हो' असेल तर 'घर वेळेत रिकामं केल्याबद्दल आभार' छापायचं. नसेल तर 'आपण अजून घरात आहात, कृपया लवकर निघावे.'

घरं सगळीच रिकामी झाली होती. तरी एक पत्र वेगळं आलं. श्रीपाद परचुरे, दुसरा मजला.

'आपण अजून घरात आहात.'

श्रीपादकाका दोन वर्षांपूर्वी गेले. घर अजून त्यांच्याच नावावर होतं, म्हणून पत्रही त्यांच्या नावाचं. त्यांच्या पत्नी, नीलाकाकू, डोंबिवलीला राहायला गेल्या होत्या. यादीत 'हो'च होतं. शब्दामागे एखादी मोकळी जागा पडली तरी अट फसते, म्हणून मी तो पुसून पुन्हा लिहिला. मग शेजारच्या घराचा 'हो' उचलून तिथे चिकटवला. पुन्हा तीच ओळ.

शेवटी काकूंना फोन केला. सामान काही राहिलंय का, एवढंच विचारायचं होतं. पण पत्राचंही बोलून गेले. मग त्या हळूच म्हणाल्या, "मी यांना सांगितलंच नाही गं... निघताना."

टेम्पोवाला घाई करत होता, मुलगी समीक्षा खालून हाका मारत होती, काकांचा फोटो भांड्यांच्या खोक्यात आधीच गेला होता. पुन्हा वर जाणं राहूनच गेलं.

रविवारी दुपारी त्या आल्या. आम्ही दोघी वर चढलो. दारं-खिडक्या भंगारवाल्यांनी काढून नेल्या होत्या, त्यामुळे आमच्या पावलांचा आवाज रिकाम्या घरांतून फिरून परत यायचा. इमारतीचं पाणी कधीच तोडलं होतं. तरी काकूंच्या मोरीची लादी ओली होती, आणि दाढीच्या साबणाचा ताजा वास येत होता. मी उंबऱ्यातच थांबले.

काकू मात्र आत गेल्या, पदर सारखा करून मोरीपाशी उभ्या राहिल्या.

"अहो... हे घर उद्या पाडणार आहेत. मी आता डोंबिवलीला असते, समीक्षाच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये. तुम्हाला न सांगता गेले, चुकलं माझं. चला..."

उतरताना त्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत होत्या. त्यांचे गुडघे चांगले होते. दुखायचे ते काकांचे.

घरी येऊन मी पत्र पुन्हा काढलं. या वेळी आभार छापले गेले.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "पोचलो गं आम्ही," म्हणाल्या. नव्या घरात त्या एकट्याच राहतात. मी बरं म्हणणार, तोच त्यांच्या मागे कुणीतरी खाकरलं आणि सावकाश विचारलं, "इथे सकाळचं ऊन कुठल्या खिडकीत येतं?"

फोन कानाला तसाच धरून काकूंनी सांगितलं, "स्वयंपाकघराच्या... बसा आधी, दमला असाल."