मांडीवरचा कॉम्प्युटर

मासिना, आधी सगळं ऐक. मधे खिदळू नकोस, आणि तिकडे ऑकलंडमधे फोन स्पीकरवर टाकून मावशीला ऐकवू तर अजिबात नकोस.

तर मागच्या शुक्रवारी मी शहरातून, आपियाहून, बसने गावी येत होते. कवेत बाबांचा जुना कॉम्प्युटर. नुसता तो पत्र्याचा डबा, पण खांदे निखळायची वेळ आली होती. दुरुस्तीच्या दुकानातला म्हणाला, "सगळं पुसून कोरा करायचा, नाहीतर फेकून द्यायचा." पुसायचं कसं गं? चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या सणासाठी बाबांनी रचलेलं गाणं त्यातच आहे, त्यांच्याच आवाजात. बाबा गेल्यापासून आजीने तो आवाज ऐकलेला नाही. दुसरी प्रत कुठेच नाही.

बस खच्चून भरलेली. आपली बस तू विसरली नसशीलच, जागा संपली की एकमेकांच्या मांडीवर. मला एका काकूंनी त्यांच्या मांडीवर ओढलं, पण डबा कुठे ठेवणार?

"त्याला इकडे दे," शेजारचा मुलगा म्हणाला. "माझी मांडी रिकामी आहे."

मी दिला. त्याने डब्याला अगदी लहान बाळासारखं धरलं, आणि खिडकीतून पावसाची सर आली तर स्वतः भिजत त्याच्यावर वाकला. पापण्यांवर थेंब... बरं, पुढे.

"काय होतंय याला?" त्याने विचारलं.

"तू डॉक्टर?"

"हॉटेलातले कॉम्प्युटर बघतो. लाफाएले. पुढच्या गावात काकांकडे चाललोय."

"मी फेतू. कॉम्प्युटर बाबांचा. चालू केला की म्हणतो, व्हर्च्युअल मेमरी कमी आहे. मग पासवर्ड बरोबर टाकूनही आत घेत नाही."

तो हसला. "या बसकडे बघ. कॉम्प्युटरची स्वतःची जागा भरली की उरलेल्यांना तो डिस्कच्या मांडीवर बसवतो. तीच व्हर्च्युअल मेमरी. डिस्कच गच्च भरली, तर मांडी कुठून आणणार?"

"आणि लॉगिनचं?"

"त्या गर्दीत तुझ्या बाबांचं खातं अर्धवट लिहिलं गेलं असेल. दार बिघडलंय. घर आत शाबूत असेल..."

"असेल?"

"बघितल्याशिवाय खोटं कशाला सांगू?"

तिथेच मला तो आवडला, हसायचं असेल तर आता हस.

शनिवारी दुपारी तो कबूल केल्याप्रमाणे आमच्या घरी आला. खांद्यावर पिशवी, केस पाण्याने चापून बसवलेले. आजीने कोकोचा मग हातात दिला आणि माझ्याकडे असं बघितलं ना... मी खांबाला टेकून उगाच चटईचे धागे सरळ करत बसले.

तो मागच्या दाराने शिरला. म्हणजे कॉम्प्युटर सेफ मोडमधे, फक्त गरजेपुरता चालू करून, बाबांच्या खात्याऐवजी कॉम्प्युटरच्या मूळ मालक-खात्यातून. त्या खात्याला पासवर्डच नव्हता. आणि डिस्क कशाने भरली होती, सांगू? आमच्या पातीच्या रग्बीच्या व्हिडिओंनी.

"तुझ्या भावाला किती मॅच लागतात गं?"

"त्याला विचार. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी कुणी चालू नये म्हणून रस्त्यावर पहाऱ्याला असतो, हातात काठी घेऊन."

"मग नकोच विचारायला."

त्याने सगळे व्हिडिओ आपल्या पिशवीतल्या डिस्कवर उतरवून घेतले, इथे जागा केली, व्हर्च्युअल मेमरी वाढवली. मग बाबांच्या खात्याचं बिघडलेलं दार दुरुस्त करायला घेतलं. मी वाकून बघत होते. केसांतलं माझं फूल त्याच्या मनगटावर पडलं. त्याने ते उचललं आणि... परत दिलंच नाही. खिशात टाकलं.

"चोर," मी म्हटलं.

"फी."

मग बाबांचं नाव पडद्यावर आलं. मी पासवर्ड टाकला आणि या वेळी कॉम्प्युटरने आत घेतलं. गाण्याची फाईलही दिसली. लाफाएलेने ती उघडली, आणि पडदा तिथेच गोठला. काही हलेना. आम्ही थांबलो, थांबलो... आजीने तोंड फिरवलं.

"फाईलच खराब असेल," तो हळूच म्हणाला. चेहरा असा पडला, जणू त्याचेच बाबा. "मी... मी काकांच्या गाडीने निघतो. उद्या बघू."

चपला घालून तो रस्त्यावर उतरला आणि संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. शहरातला मुलगा, प्रार्थनेची वेळ विसरला. समोर पाती, काठी आडवी धरून.

"कुठे निघालास, दादा? आता या रस्त्यावर कुत्रंसुद्धा हलत नाही."

"बाळा, आत ये," आजीने हाक मारली. "देवानेच अडवलंय तुला."

मग काय, तो चटईवर, आमच्यात, मांडी घालून. माझ्यापासून दोन वीत. आजीने प्रार्थना सुरू केली, आम्ही माना खाली घातल्या. सगळं गाव शांत, नुसती लाट ऐकू येतेय. आणि मागून एकदम...

"बेसवाले, झोपलात काय? चला, पुन्हा पहिल्यापासून."

बाबा. मासिना, बाबा. तो डबा इतका वेळ गोठलेला नव्हताच गं, आपल्या चालीने गाणं उघडत होता.

आजीचे डोळे मिटलेलेच. प्रार्थना थांबली. बाबांनी ओळ गाऊन दाखवली, आणि आजी तशीच, डोळे न उघडता म्हणाली, "ऐकलं ना? बेसचा खालचा सूर कोण धरणार? इथे दुसरा पुरुष आहे का?"

लाफाएलेने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आणि तो गायला लागला, आधी चाचपडत, मग बाबांच्या आवाजाला आपला आवाज लावून. आजीने दुसरा सूर धरला. मला गाता आलं नाही, रडू येत होतं. रस्त्यावर पाती होता, त्याला तर जागचं हलताही येत नव्हतं. काठी छातीशी धरून उभाच राहिला.

जेवण झाल्यावर लाफाएलेने त्या गाण्याच्या प्रती काढल्या. एक आजीला, एक पातीला. "हा डबा म्हातारा आहे," म्हणाला. "पुन्हा अडला तर?"

"अडला तरच येणार का?"

त्याचे कान लाल झाले.

आता खरं ऐक. आज सकाळी मी आपियाला निघाले. बस आली, तशीच खच्चून. आत लाफाएले, खिशात तेच वाळकं फूल. सगळ्यांच्या मांड्या भरलेल्या, फक्त त्याची रिकामी. मागून म्हाताऱ्या ओरडताहेत, "बस की गं पोरी, गाडी निघू दे." बसच्या दारात मला सोडायला आलेला पाती उभा, आरशातून ड्रायव्हर बघतोय.

"कॉम्प्युटर चालतो ना मांडीवर?" लाफाएले हळूच म्हणाला. "मग तू... आणि फेतू, मी नुसतं आपियापर्यंतचं म्हणत नाहीये."

सगळं गाव बघत होतं, मासिना. मी पातीकडे बघितलं. त्याने आज काठी नसलेल्या हाताने 'बस' अशी खूण केली आणि तोंड फिरवलं.

मी बसले.

आता तू सांग, माझ्या जागी तू असतीस, तर उभी राहिली असतीस का?