पुढचं विमान

कुंडलच्या पलीकडं उसाच्या फडांमध्ये एक छोटी धावपट्टी आहे. तिथं विमान चालवायला शिकवतात. पट्टीच्या कडेच्या खोलीत संयोगिता एकवीस वर्षं रेडिओवर बसत आली होती. कुणी कुणाच्या मागं राहायचं, कुणी कधी उतरायचं, ते तीच ठरवी. उतरलेली पोरं आधी तिच्या खिडकीशी येत. "मॅडम, बरं उतरलो ना?"

खरं तर तिलाच उडायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत ती नापास झाली, धाकटी बहीण माया पास झाली. सुभेदार वडिलांनी गावभर पेढे वाटले. एक संयोगितानंही खाल्ला. तो अजून तिच्या घशाखाली उतरायचा होता.

यंदा दिवाळीनंतर रीत बदलली. विमानांत पडदे बसले, त्यांवर आसपासची विमानं दिसू लागली. अंतर आता वैमानिकांनीच आपसांत बोलून राखायचं. खालून नुसता वारा सांगायचा, आणि धोका दिसला तरच मध्ये पडायचं.

"अक्का, आता निवांत स्वेटर विणत बस," इथंच पोरांना उडायला शिकवणारी माया हसली.

"विणते की. तू वरनं माप घे."

मंगळवारी दुपारी माया एकटीच वर होती. रेडिओवर म्हणाली, "पुढच्या विमानाच्या मागं आहे. उतरायला माझा दुसरा नंबर."

संयोगितानं दुर्बीण लावली. आभाळात एकच विमान होतं.

"पुढं कुणी न्हाई, माया."

"हाय की. पडद्यावर दिसतंय. बाई बोलतीय. लय शांत सांगती गं."

संयोगिताच्या रेडिओवर कुणीच बोललं नव्हतं. पण तिला भीती वाटली नाही. जळफळाट झाला. आपलं कधी असं ऐकलं हिनं?

गुरुवारी तिनं वारा सांगितला, तर माया म्हणाली, "कळला. तिनं आधीच सांगितला."

शुक्रवारी शेतांत उसाचं पाचट पेटलं होतं. धुरातून मायाचं विमान पट्टी सोडून डोंगराकडं निघालं.

"ती म्हणतीय, मागं ये."

संयोगिताचं बोट बटणावर होतं. ते हललं नाही.

जाऊ दे तिच्या मागं.

मग संयोगिता किंचाळली, "डावीकडं वळ! माया, वळ!"

विमान वळलं. उतरलं. पट्टीच्या मध्यावर थांबलं.

"अक्का, धुरानं डोळं झोंबत्यात. जरा थांबते इथंच."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. बाईचा आवाज. शांत. संयोगिताचा स्वतःचाच.

"पट्टी मोकळी आहे का? उतरायची परवानगी द्या."

महिनाभरात तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

आभाळ रिकामं होतं. पण पलीकडच्या फडातला ऊस एका रेषेत वाकत पट्टीकडं येत होता.

संयोगितानं बटण दाबलं.

"मोकळी आहे," ती म्हणाली.