आंबळगाव शाखामार्ग

मुख्य रुळाचा माथा चकचकीत होता; शेजारी, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायच्या लूप लाइनचा माथा तपकिरी आणि मंद. दोन्ही रूळ एकाच प्लास्टिकचे, एकाच छपाईयंत्रातून निघालेले. फरक फक्त रंगाचा, पण तो इतक्या निगुतीने दिला होता की उज्ज्वला पिसाळने भिंगातून पुन्हा एकदा पाहिलं.

"लूपवर गंज का रंगवलात, उस्मानभाई?"

"गाडी चालली की चाकं रुळाचा माथा घासून चमकवतात, मॅडम. चमक गेली म्हणजे गाड्या थांबल्या. आमच्या मिरजेत पोरंसुद्धा रूळ बघून सांगायची."

उस्मान मुजावर हा सेरेस या लघुग्रहावरच्या हिमगर्भ तळाचा पुरवठा-अभियंता. त्याआधी पृथ्वीवर त्याने अनेक वर्षं रेल्वेची वेळापत्रकं आखली होती. तळावरच्या एका रिकाम्या इंधन-गोदामात त्याने एका काल्पनिक रेल्वेची छोटी प्रतिकृती मांडली होती. तासवडी जंक्शनहून निघून डोंगरातल्या आंबळगावला जाणारा एकेरी शाखामार्ग. चुन्याच्या भट्ट्या, गुळाचा बाजार, स्टेशनमास्तरच्या घरापुढे कण्हेर. सेरेसच्या क्षीण गुरुत्वात डबे रुळांवर टिकावेत म्हणून चाकांत चुंबक आणि रुळांखाली लोखंडी पट्टी बसवली होती.

गाडी नुसती धावून मुजावरचं समाधान होत नव्हतं. ती खरी वाटायला हवी होती. खाणीचं नियोजन तपासणाऱ्या संगणकाला त्याने नवं काम शिकवलं होतं. त्याला तो 'संभाव्यता-परीक्षक' म्हणायचा. प्रत्येक फलाटाबद्दल, मालाच्या प्रत्येक वाघिणीबद्दल परीक्षक एकच विचारी: हे इथे का आहे? कारण पटलं नाही की मांडणी नापास.

दार सरकलं आणि नीरजा लोखंडे आत आली. शैवालाच्या टाक्या तिच्याकडे होत्या; त्यांतली एक याच गोदामाच्या टोकाला होती.

"दोघंही इथे सापडलात, बरं झालं. उज्ज्वलाताई, आमचं काय ठरलं?"

तळावर मूल हवं असेल तर प्रमुखाची परवानगी लागे, कारण हवा माणशी मोजलेली होती. बर्फ अमाप होता. पण पाण्यातून प्राणवायू वेगळा करणारे पडदे पृथ्वीवरून येत आणि ते झिजत. नीरजा आणि तिचा नवरा सुदेश यांनी केव्हाच विचारलं होतं. तळप्रमुख म्हणून उज्ज्वलाचं उत्तर दरवेळी तेच होतं.

"पुढचं पुरवठायान येऊ दे. पडदे हातात आले की बोलू."

"मागच्या यानाच्या आधीही हेच म्हणाला होतात."

"त्या यानात पडदे कमी आले, नीरजा."

"यान उशीर करतं, ताई, माझं वय नाही करत." नीरजा हसली. "चाचा, तोवर तुमच्या आंबळगावात तरी एक पाळणा टांगा. तिथे कुणाची परवानगी लागत नसेल."

"तिथे परीक्षक आहे बेटा, तो पिसाळमॅडमपेक्षा खडूस आहे."

ती हसत टाकीकडे गेली. मुजावरचं हसू मात्र लगेच मावळलं.

"मॅडम, आज परीक्षकाने मांडणी पास केली."

"अरे वा! एवढे महिने नापास करत होता ना?"

"चूक माझीच होती. मला मार्ग जिवंत ठेवायचा होता. चुना संपला तर मी साखर कारखाना काढायचो. तो चालेना तर जत्रा भरवायचो. परीक्षक म्हणायचा, कारण अपुरं. शेवटी हट्ट सोडला. म्हटलं, मरू दे मार्ग, पण खरा मरू दे. तर बाहेरून आणलेली जवळजवळ प्रत्येक नोंद त्याने मान्य केली."

"बाहेरून म्हणजे?"

"आपल्या तळाच्या नोंदींतून. फक्त नावं बदलून." त्याने इंजिन उचलून जंक्शनवर ठेवलं. "आंबळगाव कशावर उभं राहिलं? चुन्यावर. आपण?"

"गुरू ग्रहाकडे जाणाऱ्या यानांच्या इंधनावर."

"सिमेंट आलं, चुना मेला. अणुइंजिनं आली, यानं न थांबता जायला लागली. मग परतीच्या वाघिणी रिकाम्या. मग आठवड्याची गाडी पंधरवड्याला. मग लूप बंद, कारण दोन गाड्या समोरासमोर येणारच नाहीत. आपली दुसरी गोदी कधी बंद झाली?"

सकाळीच उज्ज्वला त्या गोदीतून गेली होती. यानांची कडी घासून जिथला धातू लखलखायचा, तिथे आता हिमकणांचा पातळ, अखंड थर होता.

"पण पृथ्वीवरचे आपल्याला टाकून कसे देतील?" ती म्हणाली. "इथे माणसं आहेत."

"कुणी टाकत नाही, मॅडम. मी पंचवीस मार्गांची वेळापत्रकं केलीत. मार्ग बंद करायचा असं कुणीच ठरवत नाही. एका टेबलावर एक फेरी कमी होते, दुसऱ्या टेबलावर दुरुस्ती पुढे ढकलली जाते. प्रत्येक माणूस शहाणपणाने वागतो. आणि एके दिवशी त्या स्टेशनवर गाडी नसते."

"पुढच्या यानाची तारीख विचारली मी. 'विचाराधीन' म्हणून उत्तर आलंय."

"मरणाऱ्या मार्गावरची शेवटची गाडी ओळखायची कशी, ठाऊक आहे? ती आणत नाही, नेते. सुटे रूळ, सिग्नलचे दिवे, वजनकाटा. गावकरी हौसेने चढवून देतात. त्यांना वाटतं, दुरुस्तीला चाललंय."

उज्ज्वलाला मागचं यान आठवलं. दुसऱ्या गोदीचं जोडकडं, राखीव पंप, खोदाईचं मोठं पातं. 'दुरुस्त करून परत पाठवू,' असं कप्तान म्हणाला होता. सगळ्यांनी मिळून चढवलं होतं ते. नीरजाने त्याच दिवशी कप्तानासाठी शैवालाची वडी केली होती.

"परीक्षकाने सगळंच मान्य केलं?"

"एक नोंद सोडून." मुजावरने संगणकाची स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिथे आंबळगावचं वेळापत्रक होतं आणि एकच ओळ लाल होती. *पुढची गाडी: असंभाव्य. कारण आढळत नाही.*

साठ्यातले पडदे आणि त्यांची झीज उज्ज्वलाला तोंडपाठ होती. आज मूल ठरलं, तर ते वाचायला शिकेल तेव्हा शेवटचा पडदा बसवलेला असेल.

"कळवू या पृथ्वीला," मुजावर म्हणाला.

"कळवू. त्यांना खरंच वाईट वाटेल." तिने भिंग जागेवर ठेवलं. "आणि पुन्हा 'विचाराधीन' येईल."

टाकीचं झाकण लागल्याचा आवाज झाला. नीरजा हात पुसत येत होती. आंबळगावच्या फलाटाशी ती थांबली, वाकली.

"चाचा, इथे कुणीच उभं नाही गाडीसाठी?"

"नीरजा," उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच, मोजका होता. "यानाची वाट पाहू नकोस. ते येणार नाही. मुलाला मी परवानगी देत नाही."