खोक्यातल्या विटा

"बाजाची पेटी चोरीला गेली, अन् लोक लिंबाजीचं नाव घ्यायलेत," दारातूनच तात्याराव म्हणाले.

परभणीतल्या आपल्या खोलीत रंगनाथ ढवळे टेबलफॅनसमोर बसला होता. खासगी तपास हा त्याचा धंदा. त्याचा मित्र नागनाथ खिडकीला वाळ्याचा पडदा बांधत होता. मे महिन्यातली भर दुपार होती.

तात्याराव झरीचे निवृत्त शिक्षक. नामांतराच्या दंगलीनंतर माणसं एकमेकांकडे पाहीनाशी झाली, तेव्हा त्यांनी गावात वाद्यवृंद उभा केला होता. त्यात मराठ्यांच्या घरचे होते तसे बौद्धवाड्यातलेही. वाद्यवृंदाच्या मदतीसाठी आज संध्याकाळी शाळेच्या पटांगणात जलसा होता.

"सकाळी तालीम झाली. लिंबाजीनं पेटीचा खोका शाळेच्या खोलीत ठेवला, कुलूप लावलं. आता उघडला तर आत विटा! किल्ली त्याच्या एकट्याकडं. पोलिसांत गेलो तर गावात पुन्हा दोन तट पडतील."

"मग संध्याकाळच्या आत पेटी सापडली पाहिजे," म्हणत रंगनाथ उठला.

नागनाथच्या फटफटीवरून ते झरीला पोचले. खोलीचं कुलूप शाबूत होतं. खिडकीच्या गजांतून पेटी निघणं शक्य नव्हतं. रंगनाथनं खोक्यातली एक वीट उलटली. एका अंगाला हिरवं शेवाळ होतं. हाताला ओल लागली.

लिंबाजी बौद्धवाड्यातला तरुण मास्तर. पेटी तोच वाजवायचा. त्याचा चेहरा उतरला होता.

"खोका उचलताना काही वेगळं जाणवलं?"

"न्हाई साहेब. वजन रोजच्यासारखंच होतं."

"तालमीनंतर लगेच उचलला?"

"हातपाय धुवायला विहिरीवर गेलतो. खोका तवर स्टेजवरच होता." तो किल्ली चाचपत म्हणाला, "आता वर्गात उभं कसं राहू मी?"

स्टेजवर किशनराव हात मागं बांधून उभे होते. गावातले मोठे शेतकरी. वाद्यवृंदात क्लॅरिओनेट वाजवायचे. चार माणसं एका कोपऱ्यात बांबू रोवून वर कापड ताणत होती. त्याच कोपऱ्यात पेटीवाल्याचं आसन अंथरलेलं होतं.

"लिंबाजीशी तुमचं बोलणं बंद आहे म्हणे?" रंगनाथनं विचारलं.

"हाय की. त्यो पट्टी वर धरतो, माझा दम फुटतो. म्हणून काय चोरी करीन? तालमीनंतर मी फाट्यावर गेलतो, ह्या माणसांची वाट बघत. ताडकळसच्या माझ्या मेव्हण्याची माणसं हायती. मावळतीचं ऊन ह्या कोपऱ्यात येतं, सावली करायलोत."

नागनाथ लिंबाखालच्या रांजणांकडे गेला होता. एक रांजण विटांवर चढवलेला होता, दुसरा थेट जमिनीवर.

"कंबरडं मोडलं!" वाकून ओगराळं बुडवत तो म्हणाला. "हा एवढा खाली कशाला ठेवलाय?"

रंगनाथ थबकला. दोन्ही रांजणांच्या बुडाकडे त्यानं निरखून पाहिलं.

शेवटी मालनबाई आल्या. वाद्यवृंदातल्या गायिका, घर शाळेला लागूनच.

"तालमीनंतर? म्या रांजण उपडे करून घासले, भरले अन् घरला गेले." त्यांची नजर बांबूवाल्यांवर होती. "साहेब, ती माणसं कवा जाणार हो?"

नागनाथनं रंगनाथला बाजूला घेतलं. "लिंबाजीच. दुसऱ्या कोणाकडं किल्ली नाही."

"किल्लीची गरजच नव्हती. सगळ्यांना बोलव."

लिंबाखाली सगळे जमले.

"पेटी कुलपातून गेली नाही," रंगनाथ म्हणाला. "लिंबाजी विहिरीवर होता तेव्हा स्टेजवरच ती खोक्यातून निघाली आणि विटा आत गेल्या. त्यानं कुलपात ठेवल्या त्या विटाच. आता या विटा पाहा. शेवाळलेल्या, ओल्या. म्हणजे कायम ओलाव्यात राहणाऱ्या. हा एक रांजण विटांवर आहे, दुसऱ्याखालच्या विटा गेल्या. भरला रांजण एकट्यानं उचलत नाही. विटा निघतील त्या तो रिकामा असतानाच. आणि तालमीनंतर रांजण कोणी रिकामे केले, ते त्यांनीच मला सांगितलं."

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पेटी माझ्या घरी हाय. सतरंजीत गुंडाळून नेली, आंब्याच्या आढीत ठेवली."

"का?" तात्यारावांनी विचारलं.

"काल ताडकळसच्या बाजारात किशनराव ह्याच माणसांना सांगत होते, 'लिंबाजी बसतो तिथंच काठ्या घाला, चांगल्या दणकट.' माझं काळीज लटलटलं. म्हटलं, पेटी न्हाई तर जलसा न्हाई. लिंबाजी तिथं बसायचाच न्हाई, वाचंल. आळ त्याच्यावरच येईल, हे सुचलंच न्हाई. अन् आल्यावर तोंड उघडायचं भ्या वाटलं."

किशनराव लालबुंद झाले. रंगनाथनं हात वर केला.

"तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, मालनबाई. यांनी काठ्या घालायला सांगितल्या, आणि माणसांनी घातल्यासुद्धा. बघा तिकडं."

सगळ्यांच्या माना वळल्या. लिंबाजीच्या आसनाभोवती बांबू उभे होते. वर कापड ताणलेलं, खाली गार सावली.

 बांबूवाल्यांतला एक फिस्सकन हसला, आणि सगळं पटांगणच हसायला लागलं. मालनबाई मटकन खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"माझ्यासाठी केलंत हे?" लिंबाजीनं किशनरावांना विचारलं.

"भांडण सुराचं हाय," किशनराव पुटपुटले. "उन्हाचं न्हाई."

लिंबाजी मालनबाईंजवळ गेला. "माय, मला वाचवायला निघालीस अन् चोर करून बसलीस! ऊठ. तुझं गाणं पहिलं हाय."

ऊन कलताच माणसं येऊ लागली. दोन्ही वस्त्यांतल्या बाया एकाच सतरंजीवर दाटीनं बसल्या. रंगनाथ आणि नागनाथही गर्दीत मांडी घालून बसले.

तात्याराव प्रास्ताविकाला उभे राहिले. भाषण पाठ होतं. पण स्टेजवर आपली सगळी माणसं पाहून त्यांनी ते सोडूनच दिलं.

"करा सुरू," एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले.