नकार ठरला आणि गाडी बंद पडली

मुलगी पाहून झाली, निरोप घेऊन झाला, पाहुणे गाडीत बसले... आणि गाडी काही सुरू होईना.

किल्ली फिरवली की इंजिन जरा धडपडायचं, मागून काळा धूर सोडायचं आणि मुकाट बसायचं. पाहता पाहता पेट्रोलचा वास अंगणभर झाला. उषाताईंनी नाकाला पदर लावला. दारात उभी असलेली त्यांची मुलगी वृषाली मात्र मनातल्या मनात चरफडत होती. हे पाहुणे एकदाचे जातील तर बरं, असं तिला झालं होतं.

कारण नकार ठरून गेला होता. मोठ्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता, एवढंच. थोड्या वेळापूर्वी तिला आणि मुलाला रीतीप्रमाणे मागच्या अंगणात बोलायला पाठवलं होतं. संत्र्याच्या झाडाला फुलं आली होती, वातावरण अगदी जमून आलं होतं, आणि वृषालीनं पहिल्याच वाक्यात त्याची वाट लावली.

"हे पहा, बाबा गेल्यापासून स्पेअर पार्टचं दुकान मीच चालवून राहिली. ते मी सोडणार नाही, अन् आईलेही सोडणार नाही. तुम्ही पांढुर्ण्याचे, मी सौंसरची. तुम्हीच नकार कळवून टाका न. मी कळवला तर आई रडंल."

"बरं," ऋषिकेश म्हणाला.

नुसतं बरं. काहून नाही, कसं नाही, काही नाही. वृषालीला हवं ते मिळालं होतं, तरी तिला थोडा रागच आला. माणसानं निदान एकदा तरी विचारावं की नाही?

आता तोच ऋषिकेश बॉनेट उघडून आत वाकला होता. त्याचे वडील यशवंतराव काळजीनं बाजूला उभे होते. वृषालीला राहवेना. ती पायऱ्या उतरून गाडीपाशी आली.

"कार्बोरेटर गेला वाटते," ती म्हणाली.

"हाव. ओव्हरफ्लो होऊन राहिला. साफ करून करून थकलो. आतून पार घासून गेला."

"माझ्या दुकानात नवा आहे. पण मिस्त्री सगळे लग्नाले गेले आज. बसवणार कोण?"

"बसवतो मी. एवढी जुनी गाडी ठेवली तर शिकावंच लागते."

"मग चला," ती म्हणाली.

दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. रविवार म्हणून बंद. तिनं शटर वर केलं, स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरून बरोबर तोच खोका काढला. ती खोका शोधत असताना तो दाराशी मोबाईल घेऊन काहीतरी लिहीत होता. तिनं पाहिलं आणि सोडून दिलं.

परत आल्यावर यशवंतरावांना उषाताईंनी आत बसवून पोह्यांची दुसरी बशी दिली, आणि बाहेर ही दोघं उरली. त्यानं बॅटरीची वायर काढली. मग एअर फिल्टरचा डबा, पेट्रोलचा पाइप, अ‍ॅक्सिलरेटरची तार, चोकची तार... एकेक सोडवून ओळीनं फडक्यावर ठेवत गेला. ती हातात पाने-पकडी देत होती. कार्बोरेटर तिनं आजवर कितीतरी विकले होते. बसवताना मात्र कधी पाहिला नव्हता. जुना कार्बोरेटर उचलल्याबरोबर त्यानं इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा घातला, आत काही पडू नये म्हणून. तिला ते उगाचच आवडलं.

"शर्ट नवा आहे न हा?" बाहीवरचा काळा डाग पाहत ती म्हणाली.

"तुमच्यासाठीच घेतला होता. आता काय... कामी आला म्हणायचं."

ती हसली, आणि हसू आलं म्हणून स्वतःवरच चिडली.

तो जुन्या गॅस्केटचे, मधल्या पातळ पट्टीचे, चिकटलेले तुकडे खरवडत होता. घाई अजिबात नव्हती त्याला. शेवटी तिनं विचारलंच.

"तुम्ही मले काही विचारलं नाही मघा."

"काय विचारायचं होतं?"

"दुकान काहून नाही सोडत म्हणून. सगळेच विचारतात."

"जे सोडायचं नाही ते नाही सोडायचं." त्यानं मान वर केली नाही. "त्याच्यात विचारायचं काय?"

आजवर आलेल्या प्रत्येकानं तिला दुकानाचं काहीतरी सुचवलं होतं — भाड्यानं द्या, विकून टाका, आईला जमेल तेवढं ती चालवेल. हा एकटाच काही न सुचवता नवा कार्बोरेटर ठेवून नट आवळत होता. तेही बेतानं, आलटून पालटून, एका बाजूला ताण येऊ नये असे.

सगळ्या तारा जोडून झाल्या. थोडी धडपड करून गाडी सुरू झाली. उषाताई खिडकीतून डोकावल्या आणि पुन्हा आत गेल्या.

"करा न आता ट्यूनिंग," वृषाली म्हणाली.

"गरम होऊ द्या. थंड्या इंजिनावर केलेलं ट्यूनिंग खोटं असते."

मग दोघं गाडीला टेकून चहा पीत उभी राहिली. कामाचं काही बोलायचं उरलं नव्हतं, आणि दुसरं बोलायचं तर ठरलं नव्हतं. फुलांच्या वासात पेट्रोलचा वास मिसळला होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता. ती पाहत होती.

इंजिन तापल्यावर त्यानं तिला स्टिअरिंगवर बसवलं. "मी म्हणीन तेव्हा थोडा पाय द्यायचा, मग सोडायचा."

उघड्या बॉनेटखाली एक बोटभर फट होती. तिच्यातून तिला त्याचं मनगट दिसत होतं आणि एक कान. तो स्क्रू आत फिरवी, इंजिन अडखळे. बाहेर फिरवी, आवाज जड होई. तो कान लावून ऐके, पुन्हा केसभर फिरवी. त्या फटीतून पाहता पाहता वृषालीला स्वच्छ कळलं की हा माणूस आपल्याला आवडला आहे. शहाणपणानं वगैरे नाही, चांगला जीव अडकला आहे. आणि लगेच दुसरंही कळलं. हे काम संपलं की तो जाणार. कबूल केलेला नकार कळवणार. आपणच मागितलाय, तो आता मागे कोणत्या तोंडानं घ्यायचा?

"आता बरोबर वाटते?" त्यानं विचारलं.

आवाज अगदी एकसारखा येत होता. "अजून थोडं," ती म्हणाली.

त्यानं फिरवलं. "आता?"

"अजून..."

"याच्यापुढं बिघडंल."

"बिघडू द्या न थोडी."

फटीतलं मनगट थांबलं. तो बाजूला होऊन काचेतून तिच्याकडे पाहू लागला... आणि नेमके तेव्हाच फाटकातून दिलीपमामा आत आले. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. कोपऱ्यावरच स्कूटर लावून, मान खाली घालून ते थेट ओट्यावर गेले.

"उषाताई, मन लहान नका करू," ते म्हणाले. "त्यांचा नकार आला."

"कोणाचा नकार?" आतून यशवंतराव बशीसकट बाहेर आले. "मी तर काहीच नाही म्हटलं."

दिलीपमामा दचकले. मग त्यांना गाडी दिसली, गाडीपाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा असलेला ऋषिकेश दिसला. "तुमच्याच पोरानं कळवलं न, भाऊ. मघाच मेसेज आला."

म्हणजे दुकानाच्या दारात उभा राहून तो तेच लिहीत होता. शब्दाचा इतका पक्का माणूस, आणि आपण त्याच्याकडून नेमका हाच शब्द घेतला. उषाताईंचे डोळे भरून आले होते. इंजिन चालूच होतं.

वृषाली खाली उतरली. "आई, त्यांच्यावर नको रागावू. तो नकार मीच मागितला होता."

"काहून?"

"चुकलं माझं." तिचे कान तापले होते, पण आता थांबणं शक्य नव्हतं. "दुकान तर मी आताही सोडणार नाही. पण तो नकार... तो मले नको."

सगळे ऋषिकेशकडे पाहू लागले. तो फडक्याला हात पुसत होता, नको तितका वेळ.

"सोडू नका दुकान," तो म्हणाला. "मी शिकवतो ती शाळा लोधीखेड्याले आहे. रोज सौंसरातूनच जातो मी. राहाले तर सौंसरच जवळ पडते."

"कवापासून सांगून राहिलो याले," यशवंतराव म्हणाले, "सौंसरात खोली घे म्हणून."

वृषाली त्याच्याकडे बघतच राहिली. "मग हे मघा काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही नकार मागितला. शाळा कुठं आहे ते नाही विचारलं." मग आवाज खाली आणून, फक्त तिला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "दुकानाचं बोलल्या, तेव्हाच आवडल्या होत्या तुम्ही मले. पण पहिल्यांदाच काही मागितलं... नाही कसं म्हणायचं?"

उषाताईंनी डोळे पुसले आणि दिलीपमामांच्या हातात पोह्यांची बशी दिली. ऋषिकेशनं बॉनेट लावलं.

"रस्त्यावर एकदा चालवून पाहावी लागते," तो तिला म्हणाला. "येता?"

वृषाली पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसली.

"तुम्हाले चालवता येते?"

"बसा तर बाजूले."

तो बाजूला बसला.